हेलन गावचे राजा-राणी

आत्ते, तुझं सुतक मला नाही, असं काकांनी सांगितलं.

तुला अजून न्यायचं होतं तेव्हाच सांगितलं. म्हैसूरच्या अग्रहारातल्या आपल्या घरी, पुढच्या खोलीत. अग्नी दादा देणार, म्हणून त्या घराला वर्षभर सण नाही. मग काका माझ्याकडे वळले. "तुला काही नाही. तू दिल्या घरची. घरी जाऊन डोक्यावरनं अंघोळ केलीस की झालं." काका वाईट नाहीत, तुला माहीत आहे. आपल्यात कुणी गेलं की सगळे नियम विचारायला त्यांच्याकडेच धावतात, मग सांगणं त्यांना भाग असतं. पण मी तुझ्या पायाशी बसले होते, आणि हा माणूस मला सांगत होता की माझं काही गेलेलं नाही.

मी म्हटलं, "आत्तेही दिल्या घरचीच होती की, काका. परत आली म्हणून ती ह्या घरची झाली ना?"

वहिनीने माझा हात दाबला, आता नको, असा. तू असतीस तर म्हणाली असतीस, ह्या पुट्टीला, ह्या चिमुरडीला, कुठे काय बोलावं ते डिग्री घेऊनही कळलं नाही.

आता नवरात्र आलं आहे. रस्त्यांवर दिव्यांच्या माळा चढल्या, रिक्षावाले गर्दीच्या नावाने कुरकुरायला लागले. अग्रहारात घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या असतील. गोंबे बसवायचे दिवस. गोंबे म्हणजे बाहुल्या, पायऱ्यापायऱ्यांनी मांडायच्या. सगळ्यात वर पट्टद गोंबे, म्हणजे रक्तचंदनाची राजा-राणीची जोडी, आणि त्यांच्या खाली अख्खं जग. लग्न, बाजार, शाळा, भाताचं शेत, क्रिकेटचं मैदान. पुण्याकडच्या माणसांना मी हे इतक्यांदा समजावलं आहे की आता तुलाही समजावायला लागले.

तुझ्या पेट्या मात्र परवापर्यंत माळ्यावरच होत्या. वहिनी म्हणाली, "यंदा तर नाहीच. पुढच्या वर्षी बघू." तिचं चुकत नाही. तिची नोकरी, लहान घर, मुलांच्या परीक्षा. पण 'बघू'चा अर्थ तुलाही कळला असता. समोरच्या घरात असंच एकदा राहून गेलं आणि त्यांच्या पेट्या पुन्हा उतरल्याच नाहीत. नंतर उघडल्या तर वाळवी. तू त्या दिवशी जेवली नाहीस. आपल्या पेट्यांतले बाकीचे गोंबे आजीचे, आईचे. एक गाव तेवढं तुझं, एकटीने केलेलं. त्याचं काय करायचं, हे डोक्यात घेऊन मी पंधरवडाभर फिरत होते. ते गाव कुठून आलं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, म्हणून मग तुझ्याशीच बोलायला बसले.

राधाच्या वेळी तू अटलांटाला आलीस. आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला तू. विमानात तुझ्या शेजारच्या बाईला तू सांगितलंस की माझी मुलगी इंजिनियर आहे. भाची म्हणाली नाहीस. त्या बाईनेच मला विमानतळावर सांगितलं, "तुमची आई फार छान बोलते." मी दुरुस्त केलं नाही.

राधा मान धरायला लागली आणि तुला घरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं. "इथे रस्त्यावर माणूसच नाही गं, सगळी पेट्रोल पंपावर दिसतात." मग समीर म्हणाला, "आत्या, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो. जॉर्जियातलं जर्मनी." आमचा समीर पुण्याचा. त्याची 'गंमत' थट्टेतली होती, तुला ती खरी वाटली. तू चित्रान्नाचा, आपल्या फोडणीच्या लिंबूभाताचा डबा भरलास आणि जरीकाठाची साडी नेसलीस. जर्मनीला जायचं म्हटल्यावर.

हेलन. डोंगराच्या कुशीतलं एवढंसं गाव. उतरती छपरं, पांढऱ्या भिंतींवर आडव्यातिडव्या तपकिरी फळ्या, प्रत्येक खिडकीखाली लाल फुलांच्या कुंड्या. पेट्रोल पंपालाही उतरतं छप्पर, बँकेलाही. मधून नदी आणि नदीत रबरी टायरवर पसरून वाहत जाणारी गोरी माणसं. रस्त्यावर घोड्याची बग्गी. दुकानांतून बँडचं संगीत. गुडघ्यापर्यंतच्या चामडी चड्ड्या घातलेले पुरुष बिअरचे फलक धरून उभे.

समीर चालता चालता सांगत होता. इथे कुणी जर्मन नव्हतंच. लाकूड कापणाऱ्यांचं गाव. लाकूड संपलं, काम संपलं, गाव उठायची वेळ आली. मग इथल्या लोकांनी बसून ठरवलं की आपण जर्मन गाव व्हायचं. भिंतींना फळ्या ठोकल्या, रंग लावले. आता नियमच आहे, घर बांधायचं तर असंच.

मला वाटलं होतं तू हसशील. तू मध्येच थांबलीस, वर बघितलंस, आणि विचारलंस, "एवढ्या कुंड्यांना पाणी कोण घालतं रोज?"

"असतील माणसं," समीर म्हणाला.

"आणि ह्या फळ्या पुसतं कोण? धूळ नाही कुठे. नोडू, बघ पुट्टी, एका फळीवर धूळ नाही."

"आत्ते, सगळं खोटं आहे गं हे," मी म्हटलं. "पर्यटकांसाठी."

"खोटं कसं? कुणाला फसवलं? तुझा नवरा एवढं सांगतोय ना, ते जर्मन नाहीत म्हणून. त्याला कुणी सांगितलं? त्यांनीच ना?"

"तसं नाही. खरं जर्मनी वेगळंच असेल."

"असेल. हे मांडलेलं आहे. मांडलेलं आणि खोटं एक कसं होईल?" मग टोमणा मारलास, "शिकलीस ना, म्हणून वाटेल त्याला खोटं म्हणायचा हक्क आला तुला."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तू गेलीस तरी मिटलं नाही. फोनवरही चालायचं. मी कुठलाही मॉल दाखवला, कुणाच्या लग्नातला थर्माकोलचा महाल दाखवला, की तू विचारायचीस, "मग, हे खोटं की मांडलेलं?" आणि मी चिडायची. मला खरं काय ते कळतं, असं मी मानत आले. आपल्या घरातली पहिली डिग्री माझी आहे, हे मी कुठेही ताठ मानेने सांगते, आणि डिग्रीने मला हेच दिलं असं मला वाटायचं. देखावा ओळखता येणं.

पण ती डिग्री कुणी दिली? आजोबा कापड रंगवायचे, छपाई करायचे. ते काम बसल्यावर बाबा दुसऱ्याच्या दुकानात उभे राहिले. बारावीनंतर सगळे म्हणाले, पोरीला शिवणाचा क्लास लावा, बस झालं. तू घरात फॉल-पिकोचं मशीन चालवायचीस. मशीन थांबवून म्हणालीस, "शिवण मी करते की. घरात एक पुरे." तेवढंच. कॉलेजच्या पहिल्या दिवशी तू माझ्याबरोबर आलीस आणि आवारातल्या झाडाखाली बसून राहिलीस, मी बाहेर येईपर्यंत. विचारलंस, "आत काय शिकवलं?" मी रडवेली. "काही कळलं नाही, आत्ते. सगळं इंग्लिशमध्ये." तू उठलीस, साडी झटकलीस, म्हणालीस, "मग उद्या परत जा." ह्याच्यापेक्षा शहाणा सल्ला मला नंतर कुणी दिलेला नाही. नोकरीत, परदेशात, बाळंतपणात, दर वेळी मी दुसऱ्या दिवशी परत गेले.

हेलनला एका बाकावर आपण चित्रान्न खाल्लं. समीरने तुला प्रेट्झल आणून दिलं. तू ते हातात धरून चारी बाजूंनी बघितलंस. "कोडबळं आहे हे. एवढं मोठं केलं आणि तिखट घालायचं विसरले." तरी अख्खं संपवलंस.

मग आपण त्या दुकानात शिरलो. लाकडी घड्याळं, काचेचे गोळे, नाताळची खेळणी. काउंटरवरच्या बाईने झालरीचा झगा, पांढरा एप्रन घातलेला. तू समीरला म्हणालीस, विचार तिला, ती जर्मन आहे का. समीर लाजला, पण विचारलं. ती हसली. म्हणाली, मी इथलीच, पलीकडच्या खोऱ्यातली, माझी आजी ओळखणार नाही मला ह्या कपड्यात. आणि बोलता बोलता तिने एप्रनची सुरकुती हाताने सरळ केली. तू मला कोपराने ढोसलंस. बघितलंस, म्हणून. मी बघितलं होतं. कबूल केलं नाही.

तिथेच भिंतीवर तुला ती जोडी दिसली. छोटं लाकडी घर, त्याला दोन दारं. एका दारात हिरव्या टोपीचा, चामडी चड्डीचा पुरुष, हातात छत्री. दुसऱ्या दारात फुलांची परडी घेतलेली बाई. तू बराच वेळ बघत उभी राहिलीस. म्हणालीस, "हे घ्यायचं. राधासाठी नाही. तुझ्यासाठी."

मला तेव्हा कळलं तुझ्या मनात काय आहे ते. आपल्या मुलीला लग्नात पट्टद गोंबे द्यायचे, माहेरचे, म्हणजे तिच्या घरी ती नवरात्रात बसवील. माझं लग्न पुण्याला झालं, मोठ्या हॉलमध्ये. त्यांच्याकडे ही पद्धत नाही. दादा म्हणाला, राहू दे, उगीच विचारतील हे काय म्हणून. आपलं मराठी ऐकूनच तिकडची माणसं गालात हसत होती, त्यात लाकडी बाहुल्या कुठे काढायच्या. राहिलं. तू त्या दिवशी काही बोलली नाहीस. आणि इतक्या वर्षांनी अमेरिकेतल्या एका दुकानात, चामडी चड्डीतला राजा आणि एप्रनमधली राणी बघून म्हणालीस, "चेहरे बरे आहेत. चालतील."

नदीकाठच्या बाकावर खोकं उघडलं तेव्हा घोळ कळला. तू दोघांना बाहेर ओढायला गेलीस. ती बाहेर आली, तो आत गेला. त्याला ओढलंस, ती आत. पुन्हा केलंस. पुन्हा तेच.

"हे बिघडलंय," तू म्हणालीस.

समीरने घर हातात घेऊन बघितलं. "बिघडलेलं नाही, आत्या. हे हवामान सांगतं. दोघं एकाच फळीवर आहेत, फळी मध्यावर फिरते. हवा कोरडी असली की बाई बाहेर येते, पाऊस असला की पुरुष."

"मग दोघं बरोबर कधी येतात?"

"येत नाहीत. तशी सोयच नाही."

नदीतून एक अख्खं कुटुंब टायरवरून ओरडत गेलं. तू पदर सारखा केलास. "काढ," म्हणालीस.

"काय काढू?"

"त्या फळीवरनं काढ दोघांना. जोडी म्हणजे जोडी. एक घरात आणि एक बाहेर, असलं काही मी माझ्या मुलीला देणार नाही."

समीरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काढ. गाडीच्या किल्लीने त्याने एकेकाला उचकटलं. राणी सुटली. राजाचा एक बूट फळीलाच चिकटून राहिला. "होगली, जाऊ दे," तू म्हणालीस, "राजा सिंहासनावर बसतो, बुटाचं काम काय." तू दोघांना बाकावर शेजारी उभं केलंस. तो एका पायावर कलला, तिच्या खांद्याला टेकला. तसंच ठेवलंस.

आणि मग तू पर्समधून ती एवढीशी कुंकवाची डबी काढलीस. माझ्यासाठी आणलेली, बारशाच्या सामानात. झाकण उघडलंस, बोट बुडवलंस, आणि राणीच्या कपाळाला लावलंस. मग राजाला. मग मला. मग माझ्या मांडीवर झोपलेल्या राधाला.

आत्ते, मी तुला त्याआधी कुंकवाला हात लावताना बघितलं नव्हतं. आपल्या घरचे गोंबे तूच बसवायचीस, पायऱ्या तूच रचायचीस, कुठे काय ते तू ठरवायचीस. पण हळदीकुंकवाला बायका आल्या की तू मागच्या खोलीत. हरभऱ्याची उसळ तिथून यायची, तू यायची नाहीस. आतोबा गेले, तू परत आलीस, तेव्हापासून असंच, माझ्या जन्माच्या आधीपासून. कुणी तुला जा म्हणत नव्हतं. कुणी थांब पण म्हणत नव्हतं. मला ते दिसायचं आणि मला त्यात काही दिसायचं नाही, घरातली भिंत दिसते तसं.

आणि तिथे, कुणीच नाही ओळखीचं, तू कुंकू लावलंस, जसं काय रोज लावतेस. समीर नदीकडे बघायला लागला. त्याला समजलं होतं. मी तुला काही म्हणाले नाही. काय म्हणायचं होतं? बरं केलंस? ते तुला माझ्याकडून ऐकायची गरज होती का? परतीच्या वाटेवर तू गाडीत झोपलीस, तोंड उघडं, डबी मुठीत. मला वाटलं, उद्या बोलू. मग दर वेळी उद्या. तू घरी परत गेलीस आणि पुन्हा मागच्या खोलीत बसायला लागलीस, आणि त्याबद्दलही आपण बोललो नाही.

पण तू गाव केलंस. त्याच नवरात्रात. पुठ्ठ्याची घरं, उतरती छपरं, आइस्क्रीमच्या काड्यांच्या तपकिरी फळ्या. हेलनच्या भिंतींवर फुलांची नक्षी होती, ती तुला हाताने काढता येईना. तू आजोबांचे छपाईचे जुने लाकडी ठसे धुऊन काढलेस आणि भिंतींवर मारलेस. साडीच्या पदरावरची कोयरी जर्मन बंगल्यावर. दादाने फोटो पाठवला तेव्हा मी पोट धरून हसले. मग फोनवर विचारलं, "आत्ते, कुरणात मेंढ्या कुठल्या?"

"बन्नूरच्या. आपल्या इकडच्या."

"हेलनला मेंढ्या होत्या?"

"नव्हत्या. असायला हव्या होत्या."

अग्रहारातल्या बायका बघायला आल्या. वहिनी सांगते, एकीने विचारलं, हे कुठलं गाव. तू आतून, मागच्या खोलीतून ओरडून सांगितलंस, "अमेरिकेतलं जर्मनी." ती म्हणाली, "अय्यो, तुम्ही जर्मनीला जाऊन आलात?" तू म्हणालीस, "नाही. त्याची गरज नाही पडली."

दर वर्षी गावात काहीतरी वाढायचं. बग्गी आली, नदी आली, नदीत बांगड्यांचे टायर. आणि दर वर्षी तू मला विचारायचीस, "तू कधी बसवणार? जोडी दिलीय ना?" मी म्हणायची, वेळ कुठे आहे, धूळ गोळा करायचं काम. जोडी माझ्या पुस्तकांच्या कपाटात उभी असायची. तू पुढे ताणायची नाहीस.

दुसऱ्यांदा आलीस तेव्हा आम्ही मिशिगनला होतो. समीरला जोर आला. "आत्या, त्या वेळी खोटं दाखवलं. आता खरं दाखवतो. फ्रँकनमुथ. इथे जर्मन माणसं खरंच आली, राहिली, त्यांचे पणतू अजून आहेत." तशीच छपरं, तशाच कुंड्या, लाकडी छताचा पूल. लोक जेवायला लांबून येतात तिथे, कोंबडीची मोठी थाळी. तू जेवलीस, पुलावर गेलीस, घड्याळातल्या बाहुल्या नाचताना बघितल्यास. "बरंय," म्हणालीस.

"एवढंच?"

"हे मूळचेच ना. ह्यांनी एखाद्या दिवशी नाही पुसलं तरी हे जर्मनच. त्या हेलनवाल्यांनी एक दिवस नाही पुसलं तर संपलं." मग थोड्या वेळाने, "मला ते गाव जास्त आवडलं."

गाडीत मी तुला विचारलं. खरंच विचारायचं होतं मला. "आत्ते, मग आपण कोण? आपण मराठी म्हणवतो, दोनशे वर्षं म्हैसुरात. कुठल्या गावचे, कुणाला ठाऊक नाही. पुण्याला गेलं की सासूबाईंच्या मैत्रिणी विचारतात, तुमच्याकडे मराठी बोलतात का हो. आपण फ्रँकनमुथ की हेलन?"

तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "विचार करून सांगते." आणि राधाला कुशीत घेऊन झोपलीस. आत्ते, तू सांगितलं नाहीस. मी एकदा आठवण केली, तू म्हणालीस, "अजून करतेय विचार." मला वाटतं खरंच करत होतीस.

आता आम्ही म्हैसुरात परत आलो आहोत. तू सहा-सात महिने तरी राधाला रोज शाळेतून आणलंस, हे माझ्या वाट्याला आलेलं मोठं सुख. सासरे गेल्यापासून सासूबाईही इथेच असतात. तुझी आणि त्यांची गट्टी जमली ती सुपारीवर. त्या तुझं बोलणं अर्धं समजायच्या आणि पूर्ण हसायच्या.

परवा दुपारी मी अग्रहारात गेले. काका ओट्यावर बसले होते. मी सरळ विचारलं, "काका, मला सुतक नाही ना?"

"नाही म्हटलं ना तेव्हाच."

"वर्षाचंही नाही? सणाला अडचण नाही?"

"तुला कशाला? तू दिल्या घरची." मग म्हाताऱ्याला कळलं मी काय मागते आहे ते. सुपारी चघळत राहिले. "तुझ्या घरी तू काय बसवतेस, त्यात मी कोण बोलणार," म्हणाले. "लोक बोलतील. बोलू देत."

तोच नियम, ज्याने मला तुझ्या पायाशी परकं केलं. दादाला बंदी, वहिनीला बंदी. तुझं गाव ह्या वर्षी कुणी बसवू शकत असेल तर मी, कारण मी तुझी कुणी नाही. मला रागही आला आणि हसूही. आत जाऊन वहिनीला म्हटलं, आत्तेच्या पेट्या दे.

"तू? तू तर म्हणायचीस धूळ गोळा करायचं काम."

"अजून म्हणते. दे."

वहिनी हसत हसत रडायला लागली. दादाने पेट्या रिक्षात चढवल्या. रिक्षावाला म्हणाला, "गोंबे का मॅडम? हळू चालवतो."

आज दुपारपासून बसवतो आहोत. समीरने पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या काढून पायऱ्या केल्या. राधा हुकूम सोडते. वर, लाल कापडावर, तुझा एका बुटाचा राजा आणि राणी. खाली तुझं गाव, सगळं, मेंढ्यांसकट. एका घराचं छप्पर दबलं होतं, मी चिकटवलं, नीट जमलं नाही. तुझ्यासारखा हात नाही माझा. आणि पुठ्ठ्यावरनं फडकं फिरवताना कळलं की हे काम दर वर्षी, एकेका काडीवरनं, तू एकटीने केलंस, आणि बायका यायच्या वेळेला आत गेलीस. आपल्या त्या भांडणात मी हरले असं म्हणणार नाही. तेवढं सोपं तुलाही आवडलं नसतं.

सगळं झाल्यावर बघितलं तर सासूबाई नाहीत. त्या आपल्या खोलीत, दार लोटून. सणाच्या वेळी आपण मध्ये नको, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलेलं. मी दारात गेले. "आई, बाहेर या. पहिलं कुंकू तुम्ही लावा."

"मी कशी लावू? तू लाव. घरची सुवासीण तू."

"आमच्यात आत्तेनेच लावलं होतं."

"आत्यांनी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुझं सगळं त्यांना माहीत होतं. "कधी?"

"ह्याच जोडीला. समीर होता, विचारा त्याला."

समीर बाहेरून म्हणाला, "हो, आई. मी बघितलं."

त्या आल्या. बोट टेकवलं, राणीच्या नाकापर्यंत कुंकू गेलं. त्यांनी पदराने पुसलं, मागे सरकून बघितलं, आणि मग, आत्ते, त्यांनी तुझ्या गावात हात घातला. चर्च उचललं. "हे असं कडेला काय? गावात देऊळ मध्यावर असतं." आणि मध्यावर ठेवलं, बग्गी नदीत ढकलून. तू असतीस तर आता तासभर वाद झाला असता. राधा 'आज्जी, नको' म्हणत होती. मी ते तिथेच राहू दिलं.

तेवढ्यात दारात पोरं जमली, इमारतीतली. आपल्याकडे नवरात्रात फिरतात तशी, खाऊ मागत. "गोंबे कूर्सिद्दीरा?" बाहुल्या बसवल्यात का, एवढंच विचारतात. सासूबाईंना कन्नड येत नाही. पण मी उठायच्या आत त्या दाराशी पोचल्या होत्या.

"हो, बसवल्यात," त्या म्हणाल्या, स्वच्छ पुणेरी मराठीत. "आत या. चपला बाहेर काढा."

पोरं आत आली.